शिट्टीची जाहीर माफी

सर्व संबंधितांस जाहीर कळविण्यात येते की, गेली सव्वीस वर्षे मी ज्या आवाजाचा दिसेल तिथे गळा दाबला, तो आवाज निर्दोष होता. हे मला नगरच्या एका बारमागच्या लॉनवर, ऐन मे महिन्यात, पावणेदहा वाजता कळलं.

मी साउंड ऑपरेटर. लग्न, सभा, कीर्तन, काहीही. स्पीकरचाच आवाज माइकमध्ये शिरला की तो पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि कर्कश ‘कूंऽऽ’ सुरू होतं. आमच्या धंद्यात याला शिट्टी म्हणतात. ती वाजली की सगळा मांडव नवरदेवाला सोडून ऑपरेटरकडे बघतो. त्यामुळे माझं बोट झोपेतसुद्धा आवाज खाली ओढतं.

त्या दिवशी आधी पुण्याची तीन पोरं पंक वाजवून गेली. पंक म्हणजे गाणं दीड मिनिटाचं, राग तासाभराचा. मला तर जाम आवडलं. मग शेवगावची नयना आली. एकटीच, गिटार घेऊन. तिचं म्हणे ‘एक्सपेरिमेंटल’. मध्ये काही कमी-जास्त करू नका, असं तिने मला बजावलं होतं. मी मान डोलावली होती.

तिचे वडील माझ्या मिक्सरशेजारीच बसले होते. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातून थेट आलेले, पुढ्यात लिंबू सोडा. मुलीचं वाजवणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पुण्याला जाऊन तिला सहा वर्षं झाली. घरी येते ती दिवाळीला, दोन दिवस.

“बाकी मी आन् म्हैस,” ते म्हणाले. “आज म्हैसबी इकली.”

नयनाने गिटार स्पीकरसमोर धरली. शिट्टी. मी आवाज खाली. ती आणखी पुढे सरकली. शिट्टी. मी खाली. मनात म्हटलं, पोरगी नवखी आहे, सांभाळून घेऊ. अर्धा तास मी असा परोपकार केला. लोक मोबाईल बघायला लागले. वडील सोड्यातल्या लिंबाच्या बिया चमच्याने काढत बसले.

शेवटी ती गिटारसकट माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

“काका, ती शिट्टीच माझं गाणं आहे. आणि बाबा पहिल्यांदा आलेत.”

दहाला स्पीकर बंद करायचा नियम. हातात पंधरा मिनिटं. मी दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसलो.

शिट्टी उठली, वाढली, वळली, खाली येऊन थरथरत राहिली. आमच्या जुन्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला शेवटचा सूर असाच लांबवायचा आणि मी तो दर वेळी कापायचो. त्याला तिथल्या तिथे फोन करावासा वाटला. नंबर कुठे होता?

दहाच्या ठोक्याला सगळं बंद केलं. धंद्याचा धडा एवढाच, की गिऱ्हाईक हात लावू नका म्हणालं तर हात लावू नये. टाळी वाजवायची की नाही, कुणाला कळेना. तेवढ्यात वडील माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून गेले,

“बंद का केलं ओ? लई दिसांनी घरात पोर असल्यागत वाटत हुतं.”