आक्कांची विलायती बंदूक

"तापलीया. आदी पाणी द्या, मग बोला."

गल्लीत कुणाचं भांडण पेटलं की आक्का तांब्या घेऊन मध्ये उभ्या राहायच्या आणि एवढंच म्हणायच्या. भांडणारा पाणी प्यायचा, आणि निम्मं भांडण तिथंच विझायचं. मी नवा राहायला आलो तेव्हा मला हे म्हातारीचं शहाणपण वाटलं. पुढं कळलं, ते मशीनगनचं होतं.

आक्कांचे यजमान पलटणीत होते. मी आलो त्याच्या बरंच आधी ते वारले होते. त्यांच्या ताब्यात जुनी, जड मशीनगन असायची. नळीभोवती पाणी भरायचं, आणि गोळ्या सुटत राहिल्या की ते पाणी चहासारखं उकळायचं. पाणी घालायला वेगळा जोडीदार असायचा. आक्कांनी ती बंदूक कधी बघितली नव्हती, पण तिची कुळकथा त्यांना तोंडपाठ होती.

"विलायतेत जल्मली. पयल्या मोट्या लढाईत गोऱ्यांनी वापरली, मग देशोदेशी इकली. बोटीत बसून हिकडं आली. दुसऱ्या लढाईत बर्म्याच्या रानात जाऊन आली. आमचं मालक भरती झालं तवा ती वयानं त्येंच्यापेक्षा मोटी हुती." मग पदर तोंडाशी धरून हसायच्या. "सवतच की वो! माज्या आदी आली, अन् शेवटपत्तूर त्येंच्या तोंडात तिचंच नाव."

मी चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात नोकरीला. आमचा माल परदेशात जातो. संध्याकाळी आक्का सुपात पानं घेऊन विड्या वळत दारात बसलेल्या असायच्या. मला बघितलं की विचारायच्या, "आज कुटं ग्येले टावेल?" मी देशाचं नाव सांगायचो. "तितं आमची गन ग्येलती का?" मी म्हणायचो, गेली असेल. "मग टावेल बी जाऊ द्या. तोंड पुसतील बिचारी."

बंदुकीवर त्या तासभर बोलायच्या. बंदूकवाल्यावर मात्र त्यांचा राग होता.

पलटणीतून परतल्यावर यजमानांना ओळखीनं एका कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम मिळालं होतं. सकाळी गेले आणि दुपारच्या आत घरी येऊन भिंतीला टेकून बसले. पुन्हा त्या शेडची पायरी चढले नाहीत. मंद्रूपच्या वाटेला माळावर शेळ्या राखत आयुष्य काढलं. घर चाललं ते आक्कांच्या विड्यांवर. एकुलत्या मुलानं शाळा सोडली आणि बापानं नाकारलेल्या लूमवरच तो उभा राहिला. "माझी शाळा आबांच्या आळसात ग्येली," तो उघड म्हणायचा. बाप असेपर्यंत त्याच्याशी धड बोललाही नाही.

"मी तरी कुटं सोडलं बाबा," आक्का सांगायच्या. "लई बोलले. 'न्हाय जमत', एवडंच म्हनायचं. का जमत न्हाय, ते न्हाय."

काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका मैदानावर सैन्याचं प्रदर्शन भरलं. एका तंबूत जुनी हत्यारंही मांडलेली होती. मी आक्कांना घेऊन गेलो. नवं इरकल नेसून, सवतीला भेटायला निघाल्यासारख्या निघाल्या.

तिपाईवर ती बंदूक होती. आक्का बराच वेळ बघत राहिल्या.

"एवडीशी?" त्या म्हणाल्या. नळीवरून हात फिरवला. "मला वाटलं बैलगाडीएवडी आसंल."

शेजारचा तरुण जवान हसला. फलकावरचं त्यानं समजावून सांगितलं: ही बंदूक इतक्या देशांना विकली गेली की काही लढायांत दोन्ही बाजूंना हीच होती. "पासष्टच्या युद्धात आपल्या समोरही हीच होती, आजी. फाळणीआधी फौज एकच होती ना."

आक्कांचा हात नळीवरच थांबला. "समोर बी हीच?"

"हो."

"मालक त्या लढाईत हुतं. त्येनी म्हनलं हुतं," त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या. "'समोरनं आपलीच गन बोलाय लागली, अन् जोडीदार माज्या अंगावरच पडला.' मला वाटलं, तापात बरळत्यात."

तेवढ्यात मागच्या पडद्यावर जुनी फिल्म सुरू झाली. तीच बंदूक, तिच्यामागं दोन सैनिक. बंदूक चालू लागली आणि खटखट, खटखट असा आवाज तंबूभर झाला. थांबायचं नावच नाही.

आक्कांनी माझं मनगट धरलं.

"बाबा, ह्यो तर लूमचा आवाज हाय."

बाहेर आल्यावर रिक्षात बसताना घराचा पत्ता न सांगता त्यांनी मुलाच्या कारखान्याचा सांगितला.

शेडमध्ये साऱ्या लूम सुरू होत्या. मीही त्या दिवशी तो आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. आक्का मुलाजवळ जाऊन बोलू लागल्या. त्याला ऐकू येईना. त्या ओरडल्या, तरी येईना. शेवटी त्यानं आपली लूम बंद केली आणि आईला दाराबाहेर आणलं. तिथं त्यांनी सगळं सांगितलं: समोरची बंदूक, अंगावर पडलेला जोडीदार, लूमवरची ती एक सकाळ.

मुलगा खाली बघत होता. "मग आबांनी सांगितलं का न्हाय?"

"मी इचारलं कुटं?" आक्का म्हणाल्या. "नुसतं बोलतच ऱ्हायले की."

तो पायरीवर बसला. आत मुकादम हाक मारत होता, पण तो उठला नाही. आक्काही त्याच्या शेजारी टेकल्या.

त्यानंतर आक्का बंदुकीबद्दल फारसं बोलल्या नाहीत. बोलायच्या त्या यजमानांबद्दल. शेळ्यांना ते नावानं हाक मारायचे, बाभळीच्या शेंगा पदरात आणून द्यायचे, असलं काहीबाही. इतकी वर्षं हे त्यांनी कुठं ठेवलं होतं, कोण जाणे.

गेल्या वर्षी आक्का गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सारी गल्ली जमली होती. बुद्धवंदना झाली, चारचौघं आक्कांबद्दल बोलले. शेवटी मुलगा उठला. त्याला बोलायची सवय नव्हती. आईबद्दल दोन वाक्यं बोलला आणि अडखळला.

"आमचे आबा शेळ्या राखायचे," तो म्हणाला. "लोक त्येंना आळशी म्हनायचे. मी बी म्हनायचो. आबा आळशी न्हवते. त्येंना लूमचा आवाज सोसत न्हवता. लढाईत त्येंचा जोडीदार गेला, तवा असाच आवाज हुता. हे समद्यांना सांगायचं आईच्या मनात हुतं. म्हनून सांगितलं."

आणि तो खाली बसला.