बरोबरी झाली तर काय, ते आधी सांगा

फोन आला तेव्हा मी परभणीत छापखान्यात पत्रकाचं प्रूफ वाचत बसले होते. मिलिंदच्या मोठ्या भावाचा, राहुलदादाचा फोन. "मिल्या गेला," एवढंच तो म्हणाला. पुढचं त्याच्या हातातून फोन घेऊन दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. देवगाव फाट्याजवळ मोटारसायकल आणि ट्रक... मिलिंद कामासाठी जालन्याला गेलेला, तिथूनच पेडगावला निघाला होता, आमच्या जयंती मंडळाच्या बैठकीसाठी. त्या बैठकीत त्याला एकच मुद्दा मांडायचा होता. त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. मुद्दा आहे तिथंच आहे. अशा लेखात हळवं लिहायचं असतं म्हणे. मला ते येत नाही. मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढावा हेच कळत नाही, म्हणून लिहायला बसले.

मिलिंद माझा पेडगावच्या शाळेतला वर्गमित्र. पुढं तो परभणीत एका खाजगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायला लागला आणि मी चळवळीत पडले. मला तो नावानं कधी हाक मारायचा नाही. "ए पत्रक!" म्हणायचा. आणि या माणसाला, जो उभ्या आयुष्यात मुंबईच्या पुढं गेला नाही, नाद लागला होता अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉलचा. तोही व्हिडिओ गेममधल्या. त्यांचं फुटबॉल म्हणजे आपलं नव्हे. चेंडू पायाऐवजी हातात, आणि अंगावर धडाधड पडणारी माणसं. एकदा मी त्याला म्हटलं, "आपल्या वस्तीच्या नळाला पाणी न्हाई अन् तू तिकडची कॉलेजं जिंकवायलास?" त्यानं मान वर केली नाही. "नळासाठी तू हायेस की. या कॉलेजाला माझ्याशिवाय कोणी न्हाई."

खरं म्हणजे त्याला खेळण्यापेक्षा वेळापत्रकात रस होता. हे मला कळायला फार दिवस लागले. त्या खेळात कॉलेजांचे मोठमोठे गट असतात. गट एवढा मोठा, की हंगामात प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळता येत नाही. तुमच्या वाट्याला कोण येतं, हे वेळापत्रक ठरवतं. एखाद्याला सगळे मऊ मिळतात, एखाद्याला सगळे पहाड. शेवटी दोघांचे विजय सारखेच झाले तर गटाच्या अंतिम सामन्यात कोण जाणार? त्यासाठी पायऱ्या असतात. दोघं एकमेकांशी खेळले असतील तर कोण जिंकलं ते बघायचं. खेळलेच नसतील तर दोघांनाही भेटलेल्या संघांशी कुणाचं कसं झालं ते बघायचं. तेही सारखं निघालं तर कुणाचे प्रतिस्पर्धी जास्त तगडे होते ते. मिलिंद या पायऱ्या पाढ्यासारख्या म्हणून दाखवायचा, तेही चहाच्या गाड्यावर, समोरच्याला ऐकायचं आहे का हे न विचारता.

एकदा त्याच्या त्या कॉलेजचे आणि दुसऱ्या एकाचे विजय बरोबरीत सुटले. मिलिंदनं मैदानात त्या दुसऱ्याला हरवलेलं होतं. तरी गेमनं अंतिम सामन्यात पाठवलं त्यालाच. पहिली पायरी सोडून गेम सरळ मानांकनावर उडी मारून गेला होता. मिलिंद आठवडाभर धुमसत होता. मी म्हटलं, "अरे, खेळणं हाय ते. बंद कर अन् पुन्हा चालू कर." तेव्हा तो जे बोलला ते मी नंतर माझ्या भाषणांत चोरून वापरलं. "वाईट नियम परवडला, पत्रक. आधी सांगितलेला असंल तर त्याच्याशी भांडता येतं. न सांगितलेल्या नियमाशी कसं भांडायचं?"

आता आमच्या मंडळाबद्दल. जयंतीला पेडगावात दरवर्षी कबड्डीच्या स्पर्धा असतात. मुलींचा गट मी भांडून सुरू करून घेतला. चार संघ, सगळे सगळ्यांशी खेळणार, वरचे दोन अंतिम सामन्यात. आणि बरोबरी झाली तर? तर ईश्वरचिठ्ठी! आम्ही बौद्ध. घराघरांतून देव बाहेर काढून आमच्या आज्यापणज्यांना किती वर्षं झाली. बावीस प्रतिज्ञा मंडळाच्या फलकावर रंगवलेल्या आहेत, आणि त्याच फलकाखाली टेबल टाकून स्टीलच्या डब्यातून ईश्वराची चिठ्ठी काढतात. मिलिंद गेल्या वर्षी भर मंडपात म्हणाला होता, "नाना, आपण ईश्वर मानत न्हाई, मग त्याची चिठ्ठी कशी काय चालती?" सगळे हसले. मंडळाचे अध्यक्ष असलेले नानाही हसले. म्हणाले, "लेका, नाव काय बी असू दे. चिठ्ठी कुणाच्या बाजूची नसती." हसण्यावारी गेलं ते तिथंच. यंदा मात्र मिलिंद हट्टाला पेटला होता. बरोबरी झाली तर काय, ते पहिल्या सामन्याआधी माईकवरून सांगायचं, एवढीच त्याची मागणी. आधी आपसातले सामने, तिथंही पेच पडला तर त्याच सामन्यांतला गुणांचा फरक. बैठकीत हेच मांडायला तो येत होता.

बैठक झालीच नाही. पुढच्या बैठकीत नाना रडले. खोटं नाही सांगत, त्या माणसानं मिलिंदला खांद्यावर घेऊन मिरवणुका दाखवल्या होत्या. मुलींच्या चषकाला मिलिंदचं नाव द्यायचं, हे टाळ्या न वाजवता मंजूर झालं. मी उभी राहिले. म्हटलं, नाव द्या, पण मग नियमही त्याचाच घ्या. नाना म्हणाले, "पोरी, आता या टायमाला नियमबियम नको गं. पुढच्या साली बघू." मी म्हटलं, "चषकाला मेलेला माणूस चालतो, त्याचं म्हणणं चालत न्हाई?" कोपऱ्यातून एकजण पुटपुटला, "हिला कुठं बी पत्रकच दिसतं." विषय संपला. आपल्याकडं विषय असेच संपतात. तुम्हाला कुणी खोडून काढत नाही, नुसता चहा मागवतात.

आणि झालं काय, तर अगदी मिलिंदनं मांडून ठेवावं तसं झालं. पाथरीचा संघ सगळ्यांकडून हरला. उरलेल्या तिघांचे दोन-दोन विजय. सोनपेठच्या मुलींनी सेलूला लोळवलं, सेलूनं आम्हाला लोळवलं आणि आम्ही सोनपेठला एका गुणानं हरवलं. तो एक गुण कसा आला तेही सांगते. सोनपेठच्या मुलींना परतीची एसटी गाठायची होती, म्हणून मंडळानं त्यांचे दोन सामने लागोपाठ लावले. सेलूशी खेळून त्या बाहेर आल्या, पाणी प्यायल्या आणि आमच्याशी उभ्या राहिल्या, तेही एप्रिलच्या दुपारी. कोण कुणाशी कधी खेळतं, यातच अर्धा निकाल असतो, हे मी आयुष्यभर ऐकत आले होते आणि दर वेळी जांभई दिली होती. आपसातल्या सामन्यांत तिघांचा एकेक विजय, म्हणजे बघायचा गुणांचा फरक, आणि त्यात आम्ही सगळ्यात खाली. मिलिंदच्या नियमानं सोनपेठ आणि सेलू अंतिम सामन्यात जात होते. आम्ही घरी.

नानांनी मिलिंदच्या हार घातलेल्या फोटोसमोर डबा ठेवला. तीन चिठ्ठ्या. पहिली निघाली सेलूची. दुसरी पेडगावची.

आमच्या मुली नाचायला लागल्या. मी माईकपाशी गेले आणि म्हटलं, हे चुकीचं आहे, सोनपेठ जायला पाहिजे. मंडपात कुजबुज सुरू झाली. आमची कप्तान निकिता माझ्याकडं चालत आली. मीच तिच्या वडलांच्या हातापाया पडून तिला मैदानात आणलेली. दातओठ खात म्हणाली, "ताई, तुमी आमच्या हायेत का त्यांच्या?"

"मी नियमाच्या बाजूची हाय."

"नियम तर हाच होता की! चिठ्ठीचा. तुमचा पास झाला का? न्हाई ना? मग आमाला फायनल खेळू द्या."

मी माईक खाली ठेवला. वाईट असला तरी चिठ्ठीचा नियम सगळ्यांना ठाऊक होता, आणि मिलिंदचा मंजूर झालेला नव्हता... मिलिंद असता तर तो निकिताच्या बाजूनं उभा राहिला असता की माझ्या, हे मला आजही ठरवता येत नाही. आणि त्याला विचारता येत नाही याचाच सगळ्यात जास्त संताप येतो. सोनपेठच्या मुली पिशव्या उचलून एसटीसाठी फाट्याकडं निघाल्या. एकीनंही भांडण केलं नाही. तेच मला जास्त लागलं. आमच्या मुली अंतिम सामना जिंकल्या. मिलिंदच्या नावाचा चषक मिलिंदच्याच गावात राहिला. पेपरात फोटो आला, सगळे खूश.

गेल्या रविवारी मी त्याच्या घरी गेले. माय, म्हणजे त्याची आई, दारातच म्हणाली, "बस की गं. राहुल त्याची मशीन विकायची म्हणायलाय. मला तर त्याचं बटण बी कळत न्हाई. तूच बघ एकदा." खोलीत पलंगाच्या पायथ्याशी टीव्ही, खाली गेमची काळी पेटी. राहुलदादानं चालू करून दिली. हंगाम संपलेला होता आणि पडद्यावर पुढच्या हंगामाचं वेळापत्रक होतं, अर्धवट लावलेलं. गटातले सामने गेम स्वतःच लावतो, पण गटाबाहेरचे काही आठवडे मोकळे असतात, तिथं कुणाशी खेळायचं ते आपण निवडतो.

"बाकीचे लोक तिथं सोपे संघ घालतेत," राहुलदादा म्हणाला. "फुकटचे विजय. याचं उलटंच. मागच्या साली ज्याच्याशी गणित अडलं, ज्याच्याशी खरा सोक्षमोक्ष लागला न्हाई, त्यालाच घालायचा. हरला तरी दर साली तेच. मी म्हणायचो, अरे बावळटा, कशाला? तर म्हणायचा, दादा, नियम लावून बरोबरी सुटती, मिटत न्हाई. मिटवायची तर खेळावं लागतं."

माय दाराशी उभी होती. "असंच बोलायचा," ती म्हणाली. "मला तर काय कळत नव्हतं."

पडद्यावर दोन आठवडे भरलेले होते आणि तिसरा रिकामा. मी कशालाही हात लावला नाही. अंगणात आले आणि सोनपेठच्या कप्तानला फोन लावला. नाव सांगितलं. मी म्हटलं, "आमच्याशी पुन्हा खेळता का? चषक न्हाई, मंडप न्हाई, पाव्हणे न्हाईत. एकच सामना. आमच्या पोरींना अजून विचारलेलं न्हाई, त्या बहुतेक मला शिव्या देतील."

"चिठ्ठी?"

"न्हाई."

"उन्हात?"

"न्हाई. टाइम तुमी सांगा."

ती कुणाशी तरी हळू बोलली. मग म्हणाली, "अन् बरोबरी झाली तर?"

मी अंगणात उभी होते, आणि ज्याला विचारायचं तो नव्हता. "तर पुन्हा खेळू," मी म्हटलं.