डुमसची मूठभर वाळू

डुमसच्या किनाऱ्याला चौपाटी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आम्ही सुरतेत राहतो म्हणून पाहुणे हमखास विचारतात, काळ्या वाळूचा समुद्र दाखवणार ना? दाखवतो. पुढे उंटाच्या लेंड्या, मागे भटकी कुत्री, टोमॅटो भजीचे तेलकट कागद पायाला चिकटतात आणि वाळूत गाड्या फिरतात. एके काळी इथे नवाब हवा खायला यायचा म्हणे. त्याच्याही आधीपासून किनाऱ्यावर मसण होतं, म्हणून भुताच्या गोष्टी. ती भुतं चित्रित करायला पोरं मोबाइल घेऊन येतात आणि जाताना चिप्सची पाकिटं टाकून जातात. भुतं खरोखर असती तर मी त्यांना हात जोडले असते, एकेकाला धरून हाकला म्हणून.

तरी गेल्या श्रावणात मी आईला तिथे नेलं. तिच्या हट्टापुढे माझं काही चाललं नाही.

आम्ही खानदेशातले. वडील सुरतेच्या उधन्यात लूमवर, यंत्रमागावर कामाला आले आणि त्यांच्यामागून आई आमच्या देवीला, कानबाईला घेऊन आली. श्रावणातल्या एका रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिला पाटावर नदीवर नेऊन निरोप द्यायचा. येताना त्याच पाटावर नदीची मूठभर वाळू आणायची, तिला हळदकुंकू वाहायचं आणि चिमूटभर धान्याच्या डब्यात टाकायची. मग डबा वर्षभर रिता होत नाही. हे आईचं म्हणणं, आणि ते तिने एकही वर्ष चुकवलेलं नाही. आता तापीच्या ओवाऱ्यांना, म्हणजे घाटांना, जाळ्या लागल्यात. विसर्जनाला खोदलेल्या हौदात वाळू कुठली? प्लास्टिकच्या कागदावर गढूळ पाणी. आई म्हणाली, "डुमसले चाल. तठे तापी दर्याले मियस. रेती तापीनीच शे."

मी म्हटलं, तापी तिथे समुद्राला मिळते खरी, पण ती वाळू काळी आहे, घाण आहे.

"कायी शे तं काय व्हयनं? आपली जमीन बी कायीच शे ना."

ते खरंच होतं. आमच्याकडचा काळा दगड झिजवत तापी इथवर येते, त्याचाच काळा रंग या किनाऱ्याला आहे. शाळेत हे कुणी शिकवलं नाही, आईने बसल्या जागी सांगितलं.

पोचलो तर समुद्रच नव्हता. लांब कुठेतरी राखाडी रेघ, आणि तिथपर्यंत नुसता चिखल. भरती-ओहोटीची वेळ बघून यायचं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. नदीकाठच्या माणसाला पाणी आपल्या जागी असतं एवढंच ठाऊक. भजीवाला हसला. "पाणी तो सांजे आवशे, काकी. अत्यारे कादव छे."

आई संध्याकाळपर्यंत थांबली नाही. डोक्यावर पाट घेऊन ती चिखलात उतरली आणि मी शिव्या घालत मागे. पिंढऱ्यांपर्यंत गाळ. त्यात बाटल्या, बाळांचे वापरलेले लंगोट, मागच्या कुठल्या तरी विसर्जनातला मूर्तीचा हात, बोटं वर केलेला. पलसाण्याच्या कापड गिरणीत रंगखात्यात मी दिवसभर उभा असतो, वासाचं मला काही वाटत नाही. इथे मात्र मी शर्टाची बाही नाकाला लावली. आईने एका डबक्यात कानबाईची फुलं सोडली, नमस्कार केला आणि वाकून मूठ भरली. तिच्या बोटांतून काळं पाणी गळत होतं. तिने ते पदराला पुसलं.

मी घरी येईपर्यंत बडबडत होतो. ही घाण घरात आणायची नाही, देवी रागावायची, पोरं आजारी पडतील. आई रिक्षात पाट मांडीवर घट्ट धरून बसली होती. दरवर्षीसारखं ती माझं ऐकणार नाही, हे मला माहीत होतं.

घरी तिने वाळू पिठाच्या चाळणीत घेऊन नळाखाली धरली. पाण्यावर तेलाचा तवंग आला. धुतली, परत धुतली. चाळणीत बाटलीचं बूच, चमकीचे तुकडे आणि आमच्या खात्यात निघतो तसल्या रंगीत दोऱ्यांचा गुंता राहिला. तो तिने चिमटीत धरून नीट पाहिला. मग वाळू नाकाशी नेली आणि चटकन हात लांब केला. आईला असं नाक मुरडताना मी कधी पाहिलं नव्हतं. लूमवाल्यांच्या चाळीतल्या संडासातसुद्धा नाही.

धान्याचा डबा उघडा होता. त्यात चिमूटही न टाकता तिने त्याचं झाकण लावलं.

"धान्यामा नको. बाहेर ठेव."

मी वाळू उचलून गॅलरीत नेली. इतकी वर्षं तिच्या वाळूवरून कुरकुरताना मला हेच हवं होतं, तिलाही किळस यावी. आता आली. मी तसाच उभा राहिलो, कारण आत जाऊन तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत होईना.