पदराची मागची बाजू

दुपारचं जेवण अंगावर आलंय. माझ्याच कादंबरीच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पोटावर घेऊन मी आडवी झालेय आणि पंख्याची खटखट हळूहळू हातमागाची होतेय. बघते तर समोर यमुनाबाई भांडगे, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसल्यात.

त्यांना मी कधी पाहिलेलं नाही, तरी ओळखते. येवल्याहून त्यांचं पोस्टकार्ड आलं होतं. ‘तुमची रंभा स्वतः विणलेली पैठणी नेसते आणि सरदार तिला पदरामागे लोंबणाऱ्या धाग्यांवरून ओळखतो. हातमागाच्या पैठणीला मागून धागे लोंबत नाहीत. दोन्ही बाजू सारख्याच असतात.’ मला रागच आला. मी जीव ओतून प्रेमकथा लिहिली आणि ह्या बाई धागे बघत बसल्या! उत्तर दिलं नाही. गेल्या वर्षी त्या गेल्याचं त्यांच्या सुनेनं कळवलं. तेव्हापासून ते कार्ड मला टोचतंय.

“उत्तर द्यायचं राहिलं,” मी म्हणते.

“असू द्या. बसा.”

बसते ती माझ्या कादंबरीतल्या घाटाच्या पायरीवर. माग गुडघाभर पाण्यात आहे, आणि त्याचं आम्हाला काही वाटत नाही. रंभा पाठमोरी उभी आहे. यमुनाबाई तिचा पदर सहज उलटतात. मागेही तोच मोर, तितकाच नेटका.

“मग सरदारानं हिला ओळखायचं कशावरून?” मला खरंच जाणून घ्यायचंय.

“विणताना धागा तुटतोच. तो असा जोडायचा.” त्या दोन टोकं ओठांशी ओली करतात, चिमटीत पीळ देतात. “ज्याच्या त्याच्या हाताचा पीळ वेगळा. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. त्याला म्हणावं, पदराला हात लाव की. दोनशे पानं नुसता बघत काय बसलाय?”

मला हसू फुटतं. मग वर्षभर मनात असलेलं विचारूनच टाकते.

“चूक सापडली, ते कळलं. पण गोष्ट? ती आवडली का तुम्हाला?”

दुकानात नवख्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशा त्या माझ्याकडे बघतात.

“न आवडलेलं लुगडं कुणी उलटून बघतं का, ताई?”

जाग येते. चहाची वेळ टळून गेलीये. प्रुफं खाली पसरलीत. पोटावर एकच पान उरलंय, रंभेच्या पदराचं, तेही पालथं. त्याच्या कोऱ्या बाजूवर जांभळ्या रेशमाचा वीतभर धागा आहे. आमच्या घरात रेशीम कुणी आणलेलं नाही. खिडकीशी नेऊन बघते, तर धागा अखंड दिसतो. मग चिमटीतून सावकाश ओढत जाते. मध्यावर येते तेव्हा बोटाला तो पीळ लागतो.