सुखदेवच्या कुत्र्यांचं जेवण

सुखदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी आर्वीच्या बाजारात वांगी निवडत होतो. त्याची मुलगी वंदना बोलत होती. "काका, बाबा गेले... वावरातून आले, पाणी मांगतलं, अन् ओट्यावर टेकले थे टेकलेच." मी वांगी तिथंच टाकली. पहिल्या वर्गापासूनचा मित्र गेला होता. आणि तरीही, रडू फुटायच्या आधी माझ्या मनात जे आलं ते आज लिहून टाकतो : आता कुत्र्यांचं विचारायला लोक माझ्याकडे येतील.

मी जनावरांचा डॉक्टर. नागपूरला शिकलो, सरकारी दवाखान्यांत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर गावी येऊन सुखदेवच्या वावराला लागून घर बांधलं, त्यातच छोटा दवाखाना थाटला. तो दहावीनंतर शाळेकडे फिरकला नव्हता. आमचं गाव आर्वीपासून डोंगराच्या अंगाला, जंगलाच्या काठावर आहे. हरभरा भरात आला की रानडुकरांचे कळप उतरतात आणि पहाटेपर्यंत अख्खं वावर उकरून टाकतात. सुखदेवच्या आजोबांकडे शिकारी कुत्री होती. शिकार कधीच बंद झाली, पण त्या रक्ताची कुत्री सुखदेवनं टिकवली आणि त्यांना वेगळं काम शिकवलं. डुकराला तोंड लावायचं नाही, फक्त भुंकत-भुंकत जंगलापर्यंत हाकलत न्यायचं. अशी चार कुत्री होती त्याच्याकडे, बिजली त्यांची म्होरकी. सगळं शिवार त्यांच्या भरवशावर निजायचं.

लोक कुत्री घेऊन माझ्या दवाखान्यात यायचे, सुई टोचून घ्यायचे आणि माझ्यासमोरच म्हणायचे, "साहेब, खाऊ काय घालाव थे सुखदेवभाऊले इचारतो." मी हसायचो. आत कुठंतरी विंचू नांगी मारून जायचा. प्रथिनं किती, चरबी किती, हे मी पुस्तकात शिकलो होतो. ह्या माणसाला ते बोटांनी कळायचं. कुत्र्याच्या कुशीवरून तो हात फिरवायचा आणि सांगायचा, "बरगडी डोयाले दिसू नये, पन बोटाले लागली पाह्यजे." ज्वारीच्या कण्या तो बोकडाच्या खुरांच्या रश्श्यात शिजवायचा. थंडीत, कुत्री रोज पळायची तेव्हा, वरून चरबीचा गोळा. उन्हाळ्यात काम नसलं की कण्या निम्म्या आणि ताक. शिजवलेलं हाडूक कधीच नाही, कांदा नाही, मीठ नाही. आणि एक नियम असा की तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. पळायच्या आधी कुत्र्याच्या पोटात काही नको. पळून आल्यावरही ती धापा टाकत बसायची, पराती समोर दिसत असायच्या, आणि हा बिडी ओढत बसलेला. "जीभ आत गेल्याबिगर वाढाचं नाई," म्हणायचा. ह्यातलं एकही वाक्य माझ्या पुस्तकाच्या विरुद्ध नव्हतं, हेच मला जास्त लागायचं.

निवृत्तीनंतर बिजलीच्या पिल्लांतलं एक मी मागून आणलं. करड्या रंगाचं, म्हणून नाव ठेवलं बादल. मी त्याला नागपूरहून भारीतलं खाणं पोत्यानं आणायचो. तो खायचा, अंगानंही चांगला भरला. पण उजाडलं की आमच्या दोघांमधला बांध, म्हणजे धुरा, ओलांडून सुखदेवकडे जाऊन बसायचा. मला वाटलं, तिथल्या रश्श्यापायी. एकदा मी तावातावानं गेलो. "तू त्याले खाऊ घालून राह्यला, म्हणून थो माह्याजवळ थांबत नाई."

सुखदेव चुलीपुढून उठलाही नाही. "तुह्या घरचा कुत्रा हाय. एक घास देल्ला नाई मी त्याले. इचार वंदनाले."

वंदनानं मान डोलावली. म्हणजे माझा कुत्रा तिथं उपाशी बसून राहत होता, नुसता त्या माणसाच्या जवळ... त्यानं खाऊ घातलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत बादल पहिल्यांदा त्या चौघांबरोबर पळणार होता. आदल्या संध्याकाळी सुखदेव धुऱ्यावर येऊन सांगून गेला, "सकाळी उपाशी आणजो बरं." मी हो म्हणालो. पहाटे उठलो आणि बायको जागी व्हायच्या आत बादलसमोर परात भरून ठेवली. कण्या, मटण, रस्सा, दोन उकडलेली अंडी. त्याला बळ येईल, अशी मी मनाची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. पळून आल्यावर सगळ्या गावासमोर त्यानं सुखदेवच्या परातींकडे बघू नये, भरल्या पोटानं माझ्याकडे यावं, एवढंच मला हवं होतं. आणि हे मी, जनावरांचा डॉक्टर, करत होतो.

बादल सुंदर पळाला. कळप जंगलात घालून परतला, नाल्यावर घटाघटा पाणी प्यायला आणि धुऱ्याशी येऊन थबकला. कोरड्या ओकाऱ्या यायला लागल्या, तोंडातून लाळ गळायला लागली, पोट ढोलासारखं टणक झालं. मी हात लावला आणि कळलं. भरल्या पोटी पळाल्यानं जठराला पीळ पडला होता. मी सुई घालून वारा काढला, पण पीळ सुटणार होता तो ऑपरेशननंच. वर्ध्याला ते करणारा माझा एक ओळखीचा डॉक्टर होता. मी गाडी काढली. मागच्या सीटवर बादलचं डोकं मांडीवर घेऊन सुखदेव बसला.

"काई खाल्लं होतं का यानं?" त्यानं विचारलं.

"नाई," मी म्हणालो.

आरशात मला दिसलं. बादलच्या मिशांना अंड्याचा पिवळा बलक चिकटलेला होता. सुखदेवनं अंगठा ओला केला आणि तो हळूहळू पुसून काढला, एखाद्या लेकराचं तोंड पुसावं तसा. पुलगाव यायच्या आत बादल गेला.

आम्ही परत आलो तेव्हा माणसं जमली होती. मी तोंड उघडायच्या आधी सुखदेवच बोलला, "डुकराची धडक बसली. डाक्टरनं लय केलं, पन आतून फुटलं होतं." लोकांनी माझ्या पाठीवर हात ठेवले. घरी येऊन मी रडलो, ते बादलसाठी खरंच; पण त्यात एक वेगळी आगही होती. चुकलो मी होतो आणि मोठा झाला होता तो. तेवढं मोठं होणंही ह्यालाच जमावं, असं वाटत राहिलं.

पुढं तीन वर्षं तो रोज धुऱ्यावर भेटत राहिला. बिजली गाभण राहिली तेव्हा मुद्दाम चार माणसांत विचारलं, "डाक्टर, इले अंडे किती देऊ?" उत्तर त्याला ठाऊक होतं. मी आकडा सांगितला, तो मान हलवत ऐकत राहिला. त्या सकाळबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही, मीही नाही. आता वाटतं, एकदा तरी त्याला म्हणायला हवं होतं...

तेरवी झाल्यावर वंदना आली. कुत्री दोन घास खाऊन सोडून देतात, म्हणाली. मी गेलो. सुखदेवच्या टिनाच्या छपरीत चूल पेटवली, कण्या शिजवल्या. पातेलं उतरवलं तशी ती म्हणाली, "काका, बाबा आंधी सोता एक घास खात." मी खाल्ला. अळणी, चरबट, जिभेला नको वाटणारा घास. तो गिळला आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. "वंदने, बादलले डुकरानं नाई मारलं. मी त्याले भरपेट खाऊ घालून पळवलं. तुह्या बापाले माहीत होतं."

तिनं चुलीतला विस्तव सारखा केला. मग म्हणाली, "मले नाई सांगतलं बाबानं कधी. एवढंच म्हणत, माह्या मांगं कुत्रे डाक्टरले देजो. त्याच्या हातून आता चुकणार नाई."

मी पराती मांडल्या. चौघांनी खाल्लं, पराती चाटून पुसून चकचकीत केल्या. मग तिघं माझ्या पायाशी येऊन बसली. बिजली तेवढी उठली आणि कोपऱ्यातल्या सुखदेवच्या बाजेखाली जाऊन, तिच्या सैल दोरीला पाठ लावून निजली. बाज घरात नेऊ का, असं वंदनानं विचारलं. मी म्हणालो, राहू दे तिथंच. आता मी रोज सकाळी त्या छपरीत जातो, कण्या शिजवतो, जिभा आत जाईपर्यंत थांबतो. बसायला मी घरून स्टूल नेलं आहे. बाजेवर बसत नाही. ती बिजलीची जागा आहे, आणि त्याची.