अण्णा जवळ बसेनात

अण्णांच्या शेजारच्या मोरेकाकांचा फोन आला तेव्हा मी ठाण्याला, नौपाड्यातल्या माझ्या दुकानात होतो. "अरे, अण्णा दार उघडत नाहीयेत," एवढंच म्हणाले. मी ठाकुर्लीला त्यांच्या घरी पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी कडी तोडली होती. माझे वडील झोपेतच गेले होते. त्याला आता महिना होऊन गेला.

अण्णांची सगळी नोकरी डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत झाली. खिडकी उघडली की नुसत्या वासावरून सांगायचे, आज हवेत काय सुटलंय. ते नाक सत्तरीनंतर हळूहळू बंद पडलं आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. आंबलेली आमटी निवांत जेवायचे. घामेजलेला सदरा दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवायचे. संध्याकाळी इमारतीखालच्या बाकड्यावर मोरेकाका म्हणायचे, "अण्णा, तू जरा त्या टोकाला बस बाबा, वारा इकडेच येतोय." अण्णाही हसायचे.

मी मात्र हसण्यावारी नेलं नाही. माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला पाहुण्यांदेखत म्हणालो, "अण्णा, आत जाऊन बसा. वास येतोय तुमच्या अंगाला." ते उठले. बाही नाकाशी नेली, हुंगली, पुन्हा हुंगली… त्यांना काहीच कळेना.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, वयानुसार नाकातल्या पेशी झिजतात, मेंदूतला वास ओळखणारा भागही मंदावतो. मला हायसं वाटलं. अण्णांसाठी मात्र तो निकाल होता. आता स्वतःची खात्री त्यांना कधीच करून घेता येणार नव्हती. दिवसभर अंघोळी सुरू झाल्या. बाकडं सुटलं. मी गेलो की दाराजवळची खुर्ची घेत आणि विचारत, "येतोय का रे?" मी मोबाइलमधून मान वर न काढता "नाही हो" म्हणायचो. त्यांना ते पटायचं नाही. कसं पटावं? एकदा उठून नुसतं शेजारी जाऊन बसलो असतो तरी…

परवा त्यांचं कपाट उघडलं. सदरा तोंडाशी धरला. साबण. मफलर, स्वेटर, टॉवेल… सगळीकडे साबण. माझ्या वडिलांचा वास त्या घरात कुठेच उरलेला नाही. शेवटच्या रात्रीचा उशीचा अभ्रा तेवढा धुतलेला नव्हता. लोक भेटायला येतील म्हणून, ते गेले त्याच दुपारी मीच तो बादलीत भिजवला. गॅलरीत दोरीवर तो अजून आहे.