मिस्त्री सही करत नाहीत

विमानतळ म्हणावं असं तिथं काही नाही. गवतात एक पट्टी, एक पत्र्याची शेड आणि शेडमध्ये मिस्त्री. एकतीस वर्षं छोटी विमानं दुरुस्त करतायत. भिंतीवर फळी, फळीवर प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली. काम संपल्यावर एक जरी आकृती रिकामी दिसली, तर विमान शेडबाहेर जात नाही. एका स्क्रू-ड्रायव्हरपायी त्यांनी एकदा एका बड्या असामीला दिवसभर बाकावर बसवलं होतं. स्क्रू-ड्रायव्हर सापडला सीटखाली, सुकाणूच्या तारेला टेकलेला.

अशा माणसाशी मी भांडायला गेलो.

मी सातवी नापास. कायदा शिकलो तो कचेऱ्यांच्या बाकांवर, अर्ज करकरून, म्हणून लोक मला ‘अर्जवाले’ म्हणतात. ‘फाइल गहाळ आहे’ असं माझ्यासमोर म्हणायची कुठल्या कारकुनाची छाती होत नाही. टेकडीमागच्या दगडखाणीनं हद्द ओलांडलीय, हे मला वरून फोटो काढून दाखवायचं होतं. ड्रोननं भागलं असतं. पण मला स्वतः वर बसून खाली बघायचं होतं, आणि मी वर बसलोय हे लोकांनी खालून बघायला हवं होतं. म्हणून जुनं दोन सीटचं विमान घेतलं. उडवणार माझे मेहुणे, निवृत्त वैमानिक. रविवारची तारीख जाहीर केली, पत्रकं वाटली. राहिली होती फक्त विमान उडायला योग्य असल्याची मिस्त्रींची सही.

मिस्त्रींनी देखभालीच्या वह्या मागितल्या. मी तीन दिल्या. त्यांनी पानं उलटली आणि एका तारखेवर बोट ठेवलं.

“इथून पुढची चार वर्षं कुठं आहेत?”

“ती वही गहाळ झाली. विकणारा म्हणाला, घर बदलताना.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

मी काय म्हणणार. त्या माणसानं चहा पाजला होता, चारदा ‘साहेब’ म्हणाला होता, पंखावर हात ठेवून माझा फोटो काढला होता. मी म्हणालो होतो, ‘हरकत नाही.’ हे माझ्या तोंडून ऐकलं असतं तर निम्म्या कचेऱ्यांनी सुट्टी जाहीर केली असती.

“इंजिन ऐका ना,” मी म्हणालो. “कसं चालतंय.”

“ऐकलं. पंखातलं ऐकू येत नाही, तो उघडावा लागतो. तीन आठवडे लागतील.”

“मिस्त्री, ही अडवणूक आहे.”

“उडवणार कोण?”

“मेहुणे.”

“बहिणीला वहीचं सांगितलंय?”

माझं डोकंच फिरलं. शेडच्या दारात सतरंजी टाकून मी धरणं धरलं. दुपारी मिस्त्रींनी पाण्याची बाटली आणून ठेवली. “जरा सरकून बसा, इथून ट्रॉली जाते.” मी सरकलो. इतकं गुणी धरणं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ऊन अंगावर आलं, म्हणून आत सरकलो. पान्यांच्या फळीवर एक पिवळं पडलेलं पत्रक चिकटवलेलं होतं. माझंच. नऊ वर्षांपूर्वी शाळेजवळचा पादचारी पूल पडला, तेव्हाचं. तपासणीच्या कागदावर एका साहेबानं खुर्चीत बसूनच सही ठोकली होती. मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘न बघता सही करणाऱ्याचे हात कोण तपासणार?’ ते वाक्य मला तेव्हा फार जमल्यासारखं वाटलं होतं. अजूनही वाटतं. त्या दिवशी मात्र वाचवेना.

“हे कशाला लावलंय?”

“माझ्या हाताखालच्यांना वाचायला लावतो. लिहिणारा माणूस खमका वाटला होता.”

मी सतरंजी गुंडाळली. “उघडा पंख.”

रविवारी हवामान खराब असल्याचं जाहीर केलं. लख्ख ऊन होतं.

दुसऱ्या आठवड्यात मिस्त्रींनी आम्हा दोघांना बोलावून पंखाच्या मुळाशी बॅटरी मारली. आत ठिगळ होतं.

“पंख एकदा मोडलाय. कुणीतरी घरीच जोडलाय. हे बोल्ट फाटकाच्या बिजागरीचे. ही बघा तुमची चार वर्षं.”

मेहुणे बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “घरी हे तुम्ही सांगा. मला तिथं जेवायचं असतं.”

घरी सांगितलं. बहीण महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग खाणीविरुद्धच्या सभेतही उभा राहून सांगितलं, की मी कागद मागितलेच नव्हते. शेवटच्या रांगेतून एका कारकुनानं टाळ्या वाजवल्या, एकट्यानंच, पण मनापासून. फोटो शेवटी भाचीनं ड्रोननं काढले. खाण हद्दीच्या तीनशे फूट बाहेर निघाली.

मिस्त्रींनी नवी वही उघडली. पहिल्या ओळीत लिहिलं : ‘मागील चार वर्षांची माहिती नाही. उड्डाणास अयोग्य.’ खाली सही केली, मुंगीएवढ्या अक्षरांत, सावकाश. मग वही माझ्याकडे सरकवली, मालकाच्या सहीसाठी. मी पेन उचललं.

“आधी वाचा.”

“वाचलं की.”

“पुन्हा वाचा, अर्जवाले. विमान काही पळून जात नाही.”